चार बोटांचे अंतर

खऱ्याखोट्यात अंतर किती, असे विचारले तर आपल्याकडची वडीलधारी माणसे डोळा आणि कान यांच्यामध्ये आडवी चार बोटे ठेवून दाखवीत. डोळ्यांनी पाहिले ते खरे. कानांनी ऐकले ते पारखून घ्यावे. या चार बोटांवर आपला केवढा व्यवहार उभा आहे! न्यायालयात ऐकीव पुराव्याला सहसा थारा नाही. साहेबांचा तोंडी हुकूम फाईलवर उतरून त्याखाली त्यांची सही डोळ्यांना दिसेपर्यंत त्याला हुकूम म्हणण्याचे धाडस कोणी मुरलेला कारकून करीत नाही. कान असतात ते भिंतींना. साक्षीदाराला डोळेच असावे लागतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी असे सहा दिवस येऊन गेले की, डोळा आणि कान यांच्या या जुन्या भाऊबंदकीखेरीज दुसरे काही माझ्या डोक्यात राहत नव्हते. त्या दिवसांकडे मी येणारच आहे. तत्पूर्वी वाचकांनी एक खेळ आठवून पाहावा.

काळोखात विजेरी पेटवून तिच्या काचेवर बोटे दाबून धरण्याचा खेळ आपण सर्वांनीच खेळला आहे. आताची मुले त्यासाठी मोबाइलचा दिवा वापरतात, एवढाच काय तो फरक. बोटे निखाऱ्यासारखी लालबुंद दिसतात. त्या लाल उजेडात हाडे शोधण्याचा प्रयत्न प्रत्येक मूल करते आणि प्रत्येक मुलाची निराशा होते. प्रकाश बोटातून आरपार येतो हे तर डोळ्यांसमोर आहे. मग वाटेत भेटलेले हाड तो आपल्याला का दाखवीत नाही?

याचे कारण असे की, मांसात शिरलेला प्रकाश वाट चुकतो. रक्तातील तांबडे द्रव्य हिरवा आणि निळा प्रकाश गिळून टाकते. तांबडा आणि त्याच्याही पलीकडचा अवरक्त प्रकाश पुष्कळसा वाचतो. परंतु शरीरातील पेशी, पेशींची केंद्रके, तंतू, मेदाचे थेंब अशा असंख्य सूक्ष्म वस्तूंवर त्याला ठेचा लागत जातात. सरासरीने मिलिमीटरचा दहावा हिस्सा चालला की पहिली ठेच. आणि जेमतेम एक मिलिमीटर चालेपर्यंत आपण कोणत्या दिशेने निघालो होतो, हे तो साफ विसरलेला असतो. यालाच शास्त्रात प्रकीर्णन म्हणतात. दूध पांढरे दिसते ते यामुळे आणि धुक्यात रस्ता दिसत नाही तोही यामुळेच. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना ऐन पावसाळ्यात खंबाटकीच्या घाटात धुके उतरले की आमच्या एस.टी.चा ड्रायव्हर काय करी, ते मला चांगले आठवते. दिवे प्रखर केले तर समोर पांढरी भिंतच उभी राही. म्हणून तो दिवे मंद करी आणि वळणावळणाला भोंगा वाजवी. डोळा जेथे हरतो तेथे कान कामाला लावायचा, ही युक्ती त्याला कोणी पुस्तकातून शिकवली नव्हती.

वैद्यकानेही हेच केले. कानाला ऐकू येणाऱ्या मर्यादेच्या फार वरचा, सेकंदाला लक्षावधी कंपनांचा श्राव्यातीत ध्वनी शरीरात सोडायचा आणि आतून येणारे प्रतिध्वनी टिपायचे. त्यालाच आपण सोनोग्राफी म्हणतो. इयन डोनल्ड या ग्लासगोच्या डॉक्टरांनी पोटातील गाठी आणि गर्भ यांची अशी चित्रे १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. मांसात ध्वनीचे प्रकीर्णन प्रकाशाच्या मानाने शेकडो, कधी हजार पटींनी कमी होते. त्यामुळे तो सरळ जातो, सरळ परत येतो आणि किती वेळाने परत आला यावरून वस्तू किती खोल आहे ते सांगतो.

मात्र ध्वनीला रंग कळत नाही. कोठे मऊ संपून कठीण लागले, कोठे घनता बदलली, एवढेच त्याला उमगते. लाल काय, काळे काय, त्याला सारखेच. प्रकाशाचे नेमके याच्या उलट आहे. एखादे द्रव्य कोणता रंग गिळते यावरून ते द्रव्य कोणते, हे ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण ते आहे कोठे, हे विचारले तर तो भांबावतो. एकाला दिसते पण चालता येत नाही, दुसऱ्याला चालता येते पण दिसत नाही. आपल्याकडच्या न्यायांत एक अंधपंगुन्याय आहे. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळ्याने बसावे. पांगळ्याने वाट दाखवावी, आंधळ्याने चालावे आणि दोघांनी मिळून अरण्य पार करावे. प्रकाश आणि ध्वनी यांना या न्यायाने एकत्र आणण्याचा खटाटोप शास्त्रज्ञ गेली तीसेक वर्षे नेटाने करीत आहेत. मला त्याची ओळख झाली ती माझ्या आईच्या निमित्ताने.

माझी आई त्रेसष्ट वर्षांची. वडील गेल्यापासून वर्षातले सहा महिने ती साताऱ्याकडे आमच्या गावी आणि सहा महिने माझ्याकडे बंगळूरला असते. कानडीचा एक शब्दही न शिकता तिने येथल्या बाजाराशी उत्तम सूत जमवले आहे. गेल्या उन्हाळ्यात माठ घ्यायला ती माझ्याबरोबर आली. एकेक माठ उचलावा, बोटाने टिचकी मारावी, कान जवळ न्यावा आणि खाली ठेवावा, असे तिने अकरा माठांचे केले. कुंभार हसत होता. बाराव्या माठाला तिने मान डोलावली, तशी त्यानेही डोलावली. बद्द आवाजाचा माठ आणि खणखणीत आवाजाचा माठ यांतला फरक समजायला दोघांनाही भाषेची गरज पडली नाही. पुढे वाचनात आले की, रुग्णाच्या छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून आतला रोग ओळखण्याची रीत आउएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन वैद्याने १७६१ मध्ये प्रसिद्ध केली आणि हा गृहस्थ एका खाणावळवाल्याचा मुलगा होता. मद्याच्या पिंपावर ठोकून ते किती भरले आहे हे पाहण्याची युक्ती त्याने बापाच्या तळघरात पाहिली असावी, असे सांगतात. आईला हे सांगितले तेव्हा तिला त्यात नवल वाटले नाही.

जुलै महिन्यात एके रात्री माझ्या पत्नीने मला सांगितले की, आईंच्या छातीत गाठ आहे. आईने ती गोष्ट मुलाला सांगणे शक्यच नव्हते. सुनेलाही तिने दोन महिन्यांनी सांगितली होती. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, मोठे रुग्णालय, रांगा, हे सारे यथाक्रम झाले. क्ष-किरणांचे छायाचित्र झाले. त्यात नीट उमगेना म्हणून सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांचे कानडी वळणाचे हिंदी आणि आईचे मराठी वळणाचे हिंदी यांची गाठ पडत नव्हती, म्हणून मी मध्ये उभा. अहवालात गाठ ‘चौथ्या वर्गात’ टाकली होती.

वर्गवारीशी माझा रोजचाच संबंध असल्यामुळे मी त्या चौथ्या वर्गाची चौकशी केली. दुसरा वर्ग म्हणजे निर्धोक, तिसरा म्हणजे बहुधा निर्धोक, पाचवा म्हणजे जवळजवळ खात्रीने कर्करोग. आणि चौथा? चौथा म्हणजे संशय. कर्करोग असण्याची शक्यता शंभरात दोनांहून अधिक आणि पंचाण्णवांहून कमी. दोन आणि पंचाण्णव! एवढ्या ऐसपैस वर्गात मनुष्याने कोठे उभे राहावे? त्याचे पोटवर्ग असतात. परंतु कोणताही पोटवर्ग असला तरी निकाल यंत्र देत नाही. सुई घालून ऊतकाचा तुकडा काढायचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. अशा सुयांपैकी बहुसंख्य सुया शेवटी निर्दोष निघतात, असे डॉक्टरीणबाईंनी धीर देण्यासाठी सांगितले. आई म्हणाली, “अरे, माझ्या हाताला लागते ती गाठ यांच्या एवढ्या मोठ्या यंत्राला कशी कळत नाही?”

गाठ यंत्राला कळली होती. गाठीचा स्वभाव कळला नव्हता. ध्वनीने जागा सांगितली, आकार सांगितला, कडा ओबडधोबड आहेत असेही सांगितले आणि तेथे त्याचे ज्ञान संपले. शुक्रवारी सुई झाली. अहवाल पुढच्या गुरुवारी मिळणार होता.

मी पदवी घेतली ती भौतिकशास्त्राची. स्पर्धापरीक्षेने मला कचेरीत आणून बसवले. पदवीच्या त्या कागदाचा मला प्रथमच उपयोग झाला तो या सहा दिवसांत. रात्री आई झोपल्यावर मी वाचीत बसे. भीती घालवण्यासाठी लोक स्तोत्रे म्हणतात. मी ध्वनीचा वेग आणि प्रकाशाची तरंगलांबी वाचली.

या विद्येचे मूळ पुष्कळ जुने निघाले. टेलिफोनकर्ते अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी टेंटर यांनी १८८० मध्ये वॉशिंग्टन येथे सूर्यप्रकाशाच्या झोतावरून मनुष्याचा आवाज सुमारे २१३ मीटर दूर पाठवला. त्या यंत्राला त्यांनी फोटोफोन असे नाव दिले आणि टेलिफोनपेक्षाही त्याचे त्यांना अधिक कौतुक होते. त्या प्रयोगांच्या ओघात त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. भोके पाडलेली तबकडी वेगाने फिरवून प्रकाशाचा झोत तुटक केला आणि तो एखाद्या पातळ पत्र्यावर पाडला, तर तो पत्राच गुणगुणू लागे. उजेड पडला की वस्तू कणभर तापते आणि फुगते, उजेड तुटला की निवते आणि आकसते. या फुगण्याआकसण्याचा आवाज होतो. निरनिराळे पदार्थ त्यांनी असे ऐकून पाहिले. सर्वांत मोठ्याने बोलले ते काजळ. जो पदार्थ प्रकाश अधिक गिळतो तो अधिक बोलतो, हे त्यामागचे मर्म. अंधाराचा रंग उजेडात सर्वांत मुखर ठरावा, ही गोष्ट मला फार आवडली.

बेलसाहेबांचे हे गाणारे काजळ वैद्यकाच्या कामी यायला शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला. कारण सेकंदाच्या काही अब्जांश भागाएवढी आखूड चमक देणारे लेसर आणि अतिसूक्ष्म कंपने टिपणारे ग्राहक हाताशी असल्यावाचून त्याचा उपयोग नव्हता. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत क्रूगर, ओराएव्हस्की आदी संशोधकांनी तो मार्ग खुला केला. युक्ती अशी. लेसरची एक आखूड चमक शरीरावर टाकायची. प्रकाश आत जाऊन वाट चुकतो, चुकू द्यावा. भटकत भटकत तो सर्वत्र पसरतो आणि जेथे त्याला गिळणारे द्रव्य भेटते, म्हणजे मुख्यतः रक्त, तेथे गिळला जातो. त्या जागेचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागाएवढे वाढते. एवढ्याशा उबेने निर्माण होणारा दाब हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. पण त्या दाबाची श्राव्यातीत लहर उठते. ही लहर मात्र वाट चुकत नाही. मांसातून ती सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने थेट कातडीकडे निघते. चार सेंटिमीटर खोलीवरून निघालेल्या लहरीला वर यायला सेकंदाचे सव्वीस दशलक्षांश लागतात. भोवती मांडलेल्या शेकडो ग्राहकांकडे ती कोणत्या क्षणी पोहोचली यावरून ती कोठून निघाली ते काढता येते. जाताना प्रकाश, येताना ध्वनी. आत शिरताना वाट माहीत असण्याचे कारण नाही. परत येताना माहीत असली म्हणजे झाले.

येथून पुढे रंगाची करामत. रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले असताना एका तऱ्हेने प्रकाश गिळते आणि प्राणवायू देऊन टाकल्यावर दुसऱ्या तऱ्हेने. २०२० आणि २०२१ च्या साथीत घरोघरी बोटाला चिमटा लावून आपण प्राणवायू मोजत होतो. तो चिमटाही तांबड्या आणि अवरक्त अशा दोन रंगांच्या प्रकाशाने हाच भेद ओळखतो. परंतु त्याला सबंध बोटाचा एकच आकडा सांगता येतो. कोणत्या शिरेत किती, ते येत नाही. प्रकाश आणि ध्वनी यांच्या जोडीला ते येते. दोन निरनिराळ्या तरंगलांब्यांच्या चमका आळीपाळीने टाकायच्या आणि कोणती शीर कोणत्या चमकेला किती मोठ्याने बोलते ते ऐकायचे.

माझ्या दृष्टीने सारे येथे येऊन ठेपत होते. कर्करोगाची गाठ वाढायची तर तिला रक्त लागते. ती भोवतालच्या शिरांकडून नव्या शिरा ओढून घेते. जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलेला हा विचार आता सर्वमान्य आहे. त्या शिरा वेड्यावाकड्या, दाट असतात आणि गाठ त्यांतील प्राणवायू भराभर संपवते. तेव्हा गाठीचा स्वभाव विचारायचा तर प्रश्न असा करावा : तू रक्त पितेस का, आणि किती? नेहमीच्या सोनोग्राफीतही वाहते रक्त दाखवण्याची डॉपलरची सोय आहे. परंतु अगदी बारीक शिरांतील मंद प्रवाह तिला सहसा दिसत नाही आणि प्राणवायूबद्दल तर ती काहीच सांगत नाही. स्तनातील गाठींना हा प्रश्न विचारणारे, सोनोग्राफी आणि लेसर एकत्र असलेले एक यंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२१ मध्ये मान्य केले आहे. त्यात ७५७ आणि १०६४ नॅनोमीटरच्या दोन चमका वापरतात. लिहोंग वांग यांच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेने तर २०१८ मध्ये एका श्वासात, म्हणजे रुग्णाने पंधरा सेकंद दम धरला असताना, स्तनाच्या चार सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या शिरांचे चित्र घेऊन दाखवले. पाव मिलिमीटर अंतरावरच्या शिरा त्यात वेगळ्या ओळखू येतात. ते चित्र मी रात्री एक वाजता पाहिले. पिंपळाच्या जाळीदार पानासारखे ते दिसत होते.

रविवारी घरात बसवेना म्हणून मी आईला घेऊन मेखरी सर्कलच्या बाजूला फिरायला गेलो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९४८ मध्ये स्थापलेली संशोधनसंस्था तेथेच आहे. रामन यांच्याविषयी आपल्यासारख्या बदलीच्या माणसांना विशेष आपुलकी वाटायला हरकत नाही. १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे ते सरकारच्या वित्त खात्यात नोकरीला होते. ते अधिकारी होते आणि मी कारकून आहे, हा भेद मी विसरत नाही. पण बदल्या त्यांच्याही झाल्या. कलकत्त्याहून १९०९ मध्ये रंगून, तेथून नागपूर, १९११ मध्ये पुन्हा कलकत्ता. हिशेब तपासून झाल्यावर सकाळ-संध्याकाळ ते बहुबाजारातल्या विज्ञानमंदिरात जाऊन व्हायोलिनच्या तारा आणि तबल्यावरची शाई यांचा अभ्यास करीत. तबल्याच्या पुडीवर ती काळी चकती नसती तर त्यातून सूर निघाला नसता, हे त्यांनी पुढे सोपपत्तिक दाखवले. प्रकाशाच्या प्रकीर्णनावरील त्यांचा १९२८ चा शोध शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. तेवढा ठाऊक नाही तो त्यांचा बंगळूरचा उद्योग. १९३३ मध्ये ते येथील विज्ञानसंस्थेचे संचालक होऊन आले आणि १९३५-३६ मध्ये त्यांनी नागेंद्र नाथ यांच्यासह एक लेखमाला लिहिली. विषय होता : श्राव्यातीत ध्वनी प्रकाशाचे काय करतो?

द्रवातून असा ध्वनी जात असताना आडवा प्रकाश सोडला तर त्या प्रकाशाचे अनेक किरणांत विवर्तन होते, हे १९३२ मध्ये अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये स्वतंत्रपणे आढळले होते. ते का आणि किती प्रमाणात, याचा उलगडा रामन आणि नाथ यांनी केला. ध्वनीमुळे द्रवात दाट-विरळ अशा पट्ट्या पडतात. दाट पट्टीतून जाणारा प्रकाश थोडा मागे राहतो, विरळीतून जाणारा थोडा पुढे निघतो आणि लहरीचे सपाट तोंड सुरकुतते. ध्वनी प्रकाशावर अशी आपली मुद्रा उठवतो, इतकेच नव्हे तर त्याची कंप्रताही आपल्या कंप्रतेइतकी कमीअधिक करतो. प्रकाशाची कंपने सेकंदाला पाच कोटी गुणिले एक कोटी. ध्वनीने त्यांत घातलेली भर पन्नास लाखांच्या आसपास. म्हणजे दहा कोटी रुपयांच्या ताळेबंदात एका रुपयाचा फरक. महालेखापालांच्या कचेरीत उमेदवारी केलेल्या मनुष्याच्या नजरेतून तो सुटला नाही, हे ठीकच झाले.

या मुद्रेचा उपयोग मांसात वाट चुकलेल्या प्रकाशासाठी करावा, ही कल्पना १९९० नंतरच्या दशकात निघाली. आवक-जावक खात्यात काम केलेल्या वाचकाला ती चटकन समजेल. शरीरात प्रकाश सोडला की सर्वत्र भटकणाऱ्या टपालाचा गोंधळ उडतो. बाहेर येणारे प्रत्येक पत्र कोठून फिरून आले ते कळत नाही. पण आत एका ठरलेल्या ठिकाणी ध्वनी एकवटून ठेवला तर त्या ठिकाणावरून गेलेल्या तेवढ्याच प्रकाशावर त्याचा शिक्का बसतो. बाहेर आलेल्या टपालातून शिक्क्याचे तेवढे निवडायचे. वांग यांच्याच चमूने २०११ मध्ये याच्याही पुढची मजल मारली. शिक्का बसलेल्या प्रकाशलहरींची घडण एका विशेष आरशात नोंदवून ठेवायची आणि त्या आरशाकडून प्रत्येक लहर आल्या वाटेने जशीच्या तशी उलट पाठवायची. ज्या ठेचा खात ती बाहेर आली त्याच ठेचा उलट्या क्रमाने खात ती परत जाते आणि सगळ्या लहरी पुन्हा त्या शिक्क्याच्या जागी एकत्र जमतात. धुक्याच्या पोटात प्रकाशाचा एक ठिपका उमटतो. मला हे वाचताना अंगावर काटा आला. वाट चुकलेल्याची प्रत्येक चूक टिपून ठेवली तर तीच त्याची परतीची वाट होते, असे हे गणित आहे.

अर्थात वाचणाऱ्याला सोपे ते करणाऱ्याला नव्हे. जिवंत मांस स्थिर नसते. रक्त वाहते, पेशी हलतात आणि काही हजारांश सेकंदांत ती उलटी वाट पुसली जाते. तेवढ्या वेळात नोंद घेऊन उत्तर परत गेले पाहिजे. म्हणून ही दुसरी पद्धत बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. पहिली रुग्णालयाच्या दारापर्यंत आली, पण तिलाही काही सेंटिमीटरच्या पलीकडे हात पोहोचत नाही. तेथवर प्रकाश उरतच नाही. शिवाय एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कातडीतील काळसर द्रव्यही प्रकाश गिळते आणि बेलच्या काजळासारखे मोठ्याने बोलते. गोऱ्या कातडीवर बसवलेले हिशेब सावळ्या कातडीवर चुकू शकतात. बोटाच्या चिमट्याचे असेच झाले होते : कृष्णवर्णीय रुग्णांचा उतरलेला प्राणवायू त्याच्या नजरेतून अधिक वेळा निसटतो, हे अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. तेव्हा हे यंत्र आपल्याकडे यायचे असेल तर आपल्या कातडीच्या रंगाची दखल घेऊनच आले पाहिजे, अशी नोंद मी कारकुनी सवयीने मनातल्या फाईलवर करून ठेवली.

त्या रविवारी परतताना आईने विचारले, “रोज रात्री काय वाचत असतोस?” मी सांगायचा प्रयत्न केला : आत उजेड टाकायचा आणि रक्त काय बोलते ते ऐकायचे. ती थोडा वेळ चालत राहिली आणि म्हणाली, “मग ते माझ्या गाठीवर का नाही लावले?” आमच्या रुग्णालयात ते नाही, असे मी म्हणालो. तिने पुन्हा विचारले नाही. घरी आल्यावर माझ्या पत्नीला तिने आपल्या पेटीची किल्ली आणि बँकेचे पुस्तक काढून दिले, कोणाचे किती देणे आहे ते सांगितले आणि रात्री नेहमीप्रमाणे भाकरी थापायला बसली. मी त्या दिवशी काही वाचले नाही.

गुरुवारी अहवाल मिळाला. मी तो रुग्णालयाच्या जिन्यातच उभा राहून वाचला. कर्करोग नाही, मार लागून मेदाचा एक भाग मेला होता आणि त्याची गाठ झाली होती. अशी गाठ हाताला कठीण लागते, कडा ओबडधोबड असतात आणि चित्रात ती कर्करोगाचे हुबेहूब सोंग घेते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मेलेला मेद सहसा रक्त मागत नाही. कधी मार लागला होता का, असे त्यांनी विचारले. आईला काही आठवेना. संध्याकाळी चहा पिताना मात्र ती एकदम थांबली. मागच्या दिवाळीच्या आधी कऱ्हाडहून येताना एस.टी.ने अचानक ब्रेक लावला आणि समोरच्या सीटचा दांडा छातीवर बसला होता. “चार दिवस दुखले,” ती म्हणाली, “मग कामाच्या नादात विसरले.”

सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून घ्यायला सांगितले आहे. तोवर ती गावी राहील. मिरजेपर्यंत रेल्वेचे आरक्षण मी केले आहे, पुढे एस.टी. सीट कोणती घ्यावी आणि दांड्यापासून किती दूर बसावे, ते माझ्या पत्नीने तिला दोनदा समजावून दिले आहे.